चालत्या गाडीला खीळ : नवशिक्यांसाठी ट्यूनिंगचे सोपे धडे

तुमच्याकडे एक जुना पेट्रोल ट्रक आहे आणि तो चालतो. परिस्थिती अवघड आहे, पण अजून हाताबाहेर गेलेली नाही. एक मोकळा रविवार, बऱ्यापैकी पैसे आणि भरपूर आत्मविश्वास एवढं असलं, की कुठलाही चालता ट्रक थांबवता येतो. इंजिन खोलायचीसुद्धा गरज नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, वायरी आणि कॉइल हे सात पार्ट बदलले की झालं. याला ट्यूनिंग म्हणतात.

उदाहरणादाखल १९५० च्या सुमाराचा शेवरोले ट्रक समोर ठेवू. शेवरोलेची मालक जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. १९५४ मध्ये तिने तिथला पसारा आवरला. ट्रक मात्र मागे राहिले. असा एखादा ट्रक कुणाच्या तरी चुलत्याच्या नावावर, शेडमध्ये ताडपत्रीखाली असतो आणि दसऱ्याला हार घालून बाहेर काढला की धूर सोडत, कुरकुरत का होईना, वेशीपर्यंत जाऊन येतो. रांगेत सहा सिलिंडर, २१६ घन इंचांचं म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं इंजिन, नव्वदच्या आसपास अश्वशक्ती. अशा निगरगट्ट यंत्राला नमवायचं तर पद्धतशीर प्रयत्न लागतात. ते पुढे क्रमाने दिले आहेत.

१. आधी बॉनेट उघडून प्लग आहेत का ते पाहा.

हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघायला लागले आणि हळूहळू आपल्याकडच्या ट्रकांमधून ठिणगीच हद्दपार झाली. डिझेल इंजिन हवा इतकी दाबतं, की त्या उष्णतेनेच इंधन पेटतं. कॉइल, पॉइंट, डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्यूटर) यातलं तिथे काहीच नसतं. तुमचा ट्रक डिझेलवरचा निघाला तर आणलेलं सामान दुकानात परत न्या. दुकानदार घेणार नाही, पण विचारायला काय जातंय?

२. गाडीला नेमकं काय झालंय ते शोधू नका.

बहुतेक मालकांची तक्रार एकच असते : चढाला गाडी दम खाते. एअर फिल्टरच्या तेलात गाळ बसलेला असेल, पेट्रोलच्या टाकीत गंज असेल, टॅपेटची सेटिंग हलली असेल, हँडब्रेक पूर्ण सुटत नसेल. किंवा सत्तरी ओलांडलेलं इंजिन चढाला एवढंच ओढत असेल, आणि नवं होतं तेव्हाही एवढंच ओढत असेल. यातलं काहीही तपासायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते मनावर घेऊ नका. रोग इग्निशनमध्येच आहे असं ठरवून टाका. इग्निशनचे पार्ट लहान असतात, रंगीत खोक्यांत मिळतात आणि घरी नेताना ‘आज गाडीचं काम काढलंय’ असं चारचौघांना न बोलता कळतं.

३. खरेदीला मिस्त्रीला बरोबर नेऊ नका.

पुण्यात नाना पेठ गाठा, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. मिस्त्री बरोबर असला की तो खिशातून जुना पार्ट काढतो, नव्याशेजारी ठेवतो, दोन्ही उलटेपालटे करून बघतो आणि अर्धं सामान परत करतो. असा माणूस खरेदीचा आनंद घेऊ देत नाही. तुम्ही काउंटरवर जाऊन एवढंच म्हणा, “जुन्या ट्रकचं ट्यूनिंगचं सगळं सामान द्या.”

“कुठली गाडी, शेठ?”

“जुनी.”

दुकानदार आत जाईल, एक खोकं आणेल, त्यावरची धूळ फुंकेल आणि म्हणेल, “घेऊन जा, ओरिजिनल आहे.” भाव ऐकून तुमचा चेहरा पडला, तर तो दुसरं खोकं काढेल : “मग हा घ्या. हाही कंपनीचाच आहे, फक्त कंपनी वेगळी.” हे वाक्य ऐकू आलं की निर्धास्त व्हा. तुम्ही योग्य दुकानात आला आहात.

कॉइल घेताना विशेष दक्षता घ्या. या ट्रकची मूळ वायरिंग ६ व्होल्टची. शेवरोले १२ व्होल्टवर गेली ती १९५५ च्या मॉडेलपासून. मधल्या काळात कुणी तुमचा ट्रक १२ व्होल्टवर आणला आहे की नाही, हे बॅटरी पाहून अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणून न पाहता जा. ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची कॉइल लावली तर ठिणगी मरतुकडी पडते. उलट केलं तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. शिवाय काही १२ व्होल्टच्या कॉइलना बाहेरून रेझिस्टर लागतो, काहींच्या पोटातच पुरेसा रोध असतो. नको तिथे रेझिस्टर लावा, हवा तिथे विसरा.

खोक्यावर ‘४०,००० व्होल्ट’ असं छापलेली लाल कॉइल दिसली तर सोडू नका. कॉइलचा दाब ठिणगी पडेपर्यंतच चढतो, आणि इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात ती त्याच्या बरीच आधी पडते. उरलेले हजारो व्होल्ट खोक्यावरच राहतात. पैसे मात्र पूर्ण चाळीस हजार व्होल्टचे मोजायचे.

४. प्लग महागातला महाग घ्या.

प्रत्येक प्लगाला हीट रेंज असते. गरम प्लग स्वतःवरची काजळी जाळून टाकतो. थंड प्लग उष्णता लवकर हेडकडे सोडतो. तेल खाणाऱ्या, संथ, साडेसहाच्या आसपास कॉम्प्रेशन रेशो असलेल्या म्हाताऱ्या इंजिनाला साधा आणि थोडा गरम प्लग मानवतो. तुम्ही रेसच्या गाडीचा थंड इरिडियम प्लग मागा. नंबर वाचायचा मोह झालाच, तर लक्षात ठेवा : एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, चॅम्पियनचा वाढला की गरम होत जातो. एका कंपनीचा नंबर पाठ करून दुसऱ्या कंपनीचा प्लग मागितला की काम फत्ते.

आट्यांची लांबीही जुन्या प्लगाशी ताडून पाहू नका. जास्त लांब आट्यांचा प्लग आत डोकावतो, आणि त्याची पिस्टनशी किंवा व्हॉल्व्हशी गाठ पडली तर ‘टक्’ असा आवाज येतो. घाबरू नका, तो एकदाच येतो.

प्लगाचा गॅप पस्तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असावा असं मॅन्युअल म्हणतं. नवा प्लग गॅप लावूनच येतो, या श्रद्धेवर तो तसाच बसवा. बसवण्याआधी हेडमधली सीट पुसायची, प्लग बोटांनी चार आटे फिरवायचा आणि मगच पाना लावायचा, अशी एक जुनी पद्धत आहे. त्यात बोटं काळी होतात. तुम्ही पहिल्या आट्यापासून लांब दांड्याचा पाना लावा. सुरुवातीलाच जोर लागायला लागला तर समजा, प्लग स्वतःचे नवे आटे पाडतो आहे. त्याच्या मेहनतीत व्यत्यय आणू नका.

५. सगळ्या वायरी एकदम उपटा.

या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४, आणि रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. भित्री माणसं एक जुनी वायर काढतात, तिच्याएवढी नवी त्याच जागी लावतात आणि मगच दुसरीला हात घालतात. त्यांचं काम चहा निवायच्या आत होतं आणि सगळा रविवार रिकामा राहतो. तुम्ही सहाही वायरी एका झटक्यात काढा, चिठ्ठ्या लावू नका, फोटो घेऊ नका. सहा वायरी सहा प्लगांना ७२० प्रकारे लावता येतात आणि त्यातला एक प्रकार बरोबर आहे. म्हणजे संधी आहे.

सुरुवात १-२-३-४-५-६ अशी करावी. वायरी एकीशेजारी एक शिस्तीत बसतात आणि फार सुरेख दिसतात. इंजिन कार्ब्युरेटरमधून खोकेल, सायलेन्सरमधून फटाके फोडेल. तो वायरींच्या रंगाचा दोष मानून पिवळ्याऐवजी लाल आणा.

६. पॉइंट अंदाजाने बसवा.

चार्ल्स केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकवर आणलेली ही युक्ती : पॉइंट उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि त्या धक्क्यात हजारो व्होल्ट जन्माला येतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन हजार आरपीएमला हे सेकंदाला दीडशे वेळा घडतं. सगळा डोलारा टंगस्टनच्या दोन टिकल्यांवर उभा आहे, आणि त्या पूर्ण उघडल्या की त्यांच्यातलं अंतर अठरा थाऊच्या जवळपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडं कमी, हवं. त्यासाठी फिलर गेज नावाचं एक स्वस्त हत्यार मिळतं. ते अगदीच स्वस्त असल्यामुळे तुम्ही विकत घेतलेलं नाही, हे आम्ही धरून चालतो.

त्याऐवजी व्हिजिटिंग कार्ड घ्या. ते पातळ पडेल. मग हॅकसॉचं पातं घ्या. ते पंचवीस थाऊचं, म्हणजे जाड पडेल. दोन्ही एकेकदा घालून मनातल्या मनात सरासरी काढा. पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर असतानाच गॅप मोजायचा असतो. पण इंजिन हाताने फिरवून उंचवटा शोधण्यापेक्षा ते जिथे थांबलंय तिथेच मोजणं सोयीचं. स्क्रू शेवटचा पिळताना गॅप पुन्हा हलतो. त्या वेळी दुसरीकडे बघावं.

नव्या पॉइंटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो स्वच्छ फडक्याने पुसायचा राहू द्या. कॅमला ग्रीस किती लावायचं यावर दोनच मतं ग्राह्य आहेत : अजिबात नाही, किंवा भरपूर. अजिबात लावलं नाही तर टाच झिजते आणि गॅप आपोआप मिटत जातो. भरपूर लावलं तर ते उडून टिकल्यांवर बसतं आणि करंट अडतो. तुमच्या स्वभावाला मानवेल ते निवडा.

७. जुना कंडेन्सर ताबडतोब भंगारात टाका.

कंडेन्सर पॉइंटवर उडणारी फुकटची ठिणगी गिळतो आणि प्रवाह झटक्यात तुटायला मदत करतो. जुना कंडेन्सर इतकी वर्षं हे काम बिनबोभाट करत आला आहे. तेवढंच त्याला काढायला पुरेसं कारण आहे. मिस्त्री लोक चालता जुना कंडेन्सर कापडात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवतात. तो मोह टाळा. नवा स्वस्तातला कंडेन्सर बऱ्याचदा गार असताना नीट चालतो आणि तापला की मान टाकतो. गाडी नेमकी घाटात बंद पडते, थंड झाली की चालू होते आणि मिस्त्रीसमोर तर एकदाही बंद पडत नाही. तुमच्या सांगण्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आमचा आहे.

८. रोटर खिशात ठेवा.

१९४० मध्ये जर्मन सैनिक आकाशातून उतरतील या भीतीने ब्रिटनमध्ये उभ्या गाड्या निकामी करून ठेवण्याचे हुकूम निघाले होते, आणि त्याचा सोपा मार्ग म्हणजे रोटर काढून नेणं. तुमचा ट्रक न्यायला जर्मन येण्याची शक्यता कमी असली तरी पद्धत अजून कामाची आहे. पॉइंट बसवताना रोटर काढा, शर्टाच्या खिशात टाका, डेल्कोवर कॅप बसवा, क्लिपा लावा आणि स्टार्टर मारत बसा. बॅटरी उतरली की घाम पुसायला रुमाल काढाल, तेव्हा रोटर सापडेल.

९. वेळ उरलाच तर डेल्को मुळापासून काढा.

याची गरज नाही. म्हणूनच ही पायरी प्रगत विद्यार्थ्यांसाठी आहे. डेल्को कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दात्यांवर फिरतो, त्यामुळे वर ओढताना रोटर थोडा वळतो. तो कुठून कुठे वळला याची खडूने खूण करू नका. परत बसवताना एक नंबरचा पिस्टन वर आणा. हा पिस्टन क्रँकच्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो : एकदा मिश्रण दाबायला, एकदा धूर हाकलायला. त्यातला दाबाचा फेरा कोणता हे प्लगाच्या भोकावर अंगठा ठेवला की कळतं, पण अंगठा मळतो. नाणं उडवा. छापा चुकला तर ठिणगी अख्खी एक फेरी चुकवून पडते, आणि हा दोष सगळे प्लग, सगळ्या वायरी आणि दुसरी कॉइल बदलूनही जात नाही.

१०. आधी टायमिंग लावा, मग गॅप.

गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. कमी केला की मागे पडतं. म्हणून शहाणे आधी गॅप लावून घेतात आणि टायमिंगला शेवटी हात लावतात. तुम्ही आधी टायमिंग, मग गॅप, मग ‘टायमिंग कसं काय हललं’ म्हणून पुन्हा टायमिंग, असा क्रम ठेवा. हे कितीही वेळ करता येतं.

शेवरोलेच्या इंजिनियरांनी फ्लायव्हीलमध्ये एक पोलादी गोळी ठोकून ठेवली आहे. स्टार्टरजवळच्या छोट्या खिडकीत ती दिसली की पिस्टन माथ्याच्या पाच अंश अलीकडे आहे असं समजायचं. खिडकीवर अनेक दशकांचा चिखल असतो. तो पुसून गोळीला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला, की टायमिंग लाइटखाली ती स्पष्ट दिसते. या सरळसोट मार्गाने गेलात तर चर्चेला जागा उरत नाही. त्यापेक्षा डोळे मिटा, डेल्को हाताने इकडेतिकडे फिरवा आणि मान तिरकी करून म्हणा, “आता आवाज सुटला.” मागे उभी असलेली दोन माणसं तरी मान डोलावतील.

११. स्टार्टर मारा.

जवळ वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. या लेखातला हा एकमेव सल्ला तुम्ही पाळावा अशी मनापासून इच्छा आहे. करंट येतो का हे वायर हातात धरून तपासणारे बहाद्दर गल्लीत असतात. त्यांना ते करून दाखवायला सांगा. प्रत्येकाला नेमकं तेव्हाच घरून बोलावणं येतं.

एव्हाना भोवती मंडळी जमलेली असतील. एक म्हणेल कचरा आलाय, दुसरा म्हणेल चोक ओढा, तिसरा म्हणेल चोक सोडा. सगळ्यांचं ऐका आणि सगळं एकाच वेळी करा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली तर दोष कुठे आहे ते कळतं, आणि मग इतक्या लोकांनी घरी जाऊन काय करायचं?

नेहमीचे प्रश्न

*पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट लावू का?*

जरूर लावा. पॉइंटमध्ये मोठा दोष आहे : ते बिघडले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून पुढे जाता येतं. किट गेलं की गेलंच, घासण्यासारखं त्यात काही नसतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गाणी ऐकत बसा, म्हणजे ते लवकर जाण्याची शक्यता वाढते.

*शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घातलं तर फरक पडेल?*

पडेल, खिशाला. साडेसहाच्या कॉम्प्रेशनला साधं पेट्रोल पुरून उरतं. हे इंजिन तर त्याहून हलक्या पेट्रोलसाठी बांधलं होतं, आणि तसं पेट्रोल मिळालं तर टायमिंग मागेपुढे करायला त्याच्या डेल्कोखाली एक पट्टीही दिलेली आहे. ती पट्टी कशासाठी आहे हे माहीत नसल्यास स्क्रू पूर्ण सैल करून पाहा.

*मिस्त्रीला कधी बोलवावं?*

उशिरात उशिरा, आणि मंडळी पांगल्यावर. तो आला की एकच प्रश्न विचारतो : “आधी चालत होती ना?” या प्रश्नाला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तो भंगाराच्या डब्यातून जुना कंडेन्सर शोधेल, जुने पॉइंट दोनदा घासून गॅप लावेल, वायरींचा क्रम पाठ म्हणत लावून टाकेल आणि मग न विचारता एअर फिल्टर उघडून त्यातला गाळ तुमच्यासमोर जमिनीवर ओतेल. गाडी चालू होईल. चढही चढेल, एरवीपेक्षा जरा बरा. अशा वेळी शांतपणे म्हणा, “माझं होतच आलं होतं.”

*त्याने सगळे जुनेच पार्ट परत लावले. नव्या सामानाचं काय करू?*

खोक्यांत नीट भरा आणि जुना ट्रक घेतलेल्या पुढच्या हौशी माणसाला विका. “ओरिजिनल आहे, फक्त एकदाच लावलंय,” असं सांगा. दोन्ही गोष्टी कुणी सिद्ध करू शकत नाही. किंमत मात्र खाली आणू नका, उलट थोडी वाढवा. तुमचा एक रविवार त्यात गेला आहे आणि त्याचा आता जायचा आहे.